मूत्रपिंड कोणाचे कोणाला चालते?

घरातल्या कर्त्या माणसाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, की पहिला प्रश्न उठतो : आता कोण देणार? एक म्हणतो, "रक्तगट जुळला म्हणजे झाले." दुसरा म्हणतो, "सख्ख्या भावाचे चालणारच." तिसरा म्हणतो, "बायकोचे कसे चालेल? ती तर दुसऱ्या घराण्यातली." या तिन्ही समजुती अपुऱ्या आहेत. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण यातले मर्म आपल्या गोठ्यातूनच समजते.

जुळ्या वासरांचा धडा

गाईला गोऱ्हा व कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे जाणत्यांना ठाऊक आहे. गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन एकाचे रक्त दुसऱ्यात खेळते, म्हणून असे होते. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांनी दाखवले की, अशी वासरे मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी अंगात बाळगतात. पुढे इंग्लंडमध्ये पीटर मेडावर व सहकाऱ्यांनी एका जुळ्याची कातडी दुसऱ्यावर लावली, ती तगली. जुळी नसलेल्या जनावरांत ती टिकली नाही. शरीर आपले आणि परके ओळखते, हे यातून कळले. मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातही तसेच झाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याचा हुबेहूब जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. आधी कातडी लावून खात्री केली होती. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला.

भावंडांचा हिशेब

ही ओळख पटवणाऱ्या खुणांना 'एचएलए' म्हणतात. त्यांची एक जुडी आईकडून, एक बापाकडून येते. म्हणून आईबापांचे मुलाशी निम्मे जुळतेच. दोन सख्ख्या भावंडांत मात्र पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मे जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याची चारात एक असते. चार भावंडे असली म्हणजे एकाचे जुळेलच, असे समजू नये. प्रत्येक जन्माला हिशेब नव्याने मांडला जातो.

जितके अधिक जुळते, तितके मूत्रपिंड सर्वसाधारणपणे जास्त वर्षे टिकते. तरी १९८० नंतर आलेल्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी हा फरक पुष्कळ कमी केला. त्यामुळे बायकोचे मूत्रपिंडही वर्षानुवर्षे चांगले चालू शकते. परंतु औषधे जन्मभर घ्यावी लागतात. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या सोडल्या, की शरीर परक्याला ओळखते आणि बसवलेले मूत्रपिंड गमावण्याची पाळी येते.

डॉक्टरांना हे सांगाच

पोटातल्या मुलात बापाच्या निम्म्या खुणा असतात. त्यांच्याविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. अशा बाईला पुढे नवऱ्याचे किंवा मुलाचे मूत्रपिंड कधी कधी चालत नाही. बाहेरचे रक्त चढवल्यानेही असे घडते. म्हणून किती बाळंतपणे झाली, गर्भपात झाला का, रक्त चढवले होते का, हे लाजू नका, सांगा. शस्त्रक्रियेपूर्वी 'क्रॉसमॅच' तपासणी याचसाठी करतात.

काही मूत्रपिंडविकार घराण्यात उतरतात. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक रोगात आईबापांपैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरातील भावाने स्वतःची नीट तपासणी झाल्याखेरीज दान करू नये.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. दलालाच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका.

घरात बहुधा आई किंवा बायकोच पुढे होते. तिच्यावर भार टाकण्याआधी सर्वांच्या तपासण्या करा, आणि देणाऱ्याची मनापासून तयारी आहे का तेही विचारा. ज्याचे जुळले नाही, त्याच्या मायेत खोट काढू नका. हा जुड्यांचा हिशेब आहे, मायेचा नव्हे.