घरचें दान आणि दूरचें दान

दान आधीं शेजाऱ्यास द्यावें कीं दूरदेशींच्या अनोळखी माणसास, हा प्रश्न कोविडच्या साथींत अनेक विचारी घरांपुढें उभा राहिला. पुण्यांत तयार झालेल्या लशीच्या सुमारें १० लक्ष मात्रा मार्च २०२१ मध्यें केनियास पोंचल्या. पुढें आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि तिकडे अनेकांस दुसऱ्या मात्रेसाठीं तिष्ठत राहावें लागलें. स्वजनांस आधीं वांचविणें हा धर्मच. परंतु त्याचें मोल परक्यानेंही भरलें, हें विसरतां कामा नये. त्याच केनियानें मे २०२१ मध्यें १२ टन चहा, कॉफी व भुईमूग मुंबईस पाठविले. त्या देशांत का भुकेले कोणी नव्हते?

मग गृहस्थानें काय करावें? गोग्रास जेवणापूर्वीं काढतात, उरल्यावर नव्हे. तसाच दानाच्या रकमेंतील मोठा भाग शेजाऱ्यांसाठीं व एक लहान पण ठरीव भाग दूरच्यांसाठीं, संकट येण्यापूर्वींच निराळा काढावा. दारीं याचक उभा असतां दूरच्याची आठवण राहत नाहीं. म्हणून त्याचा वांटा आधींच बाजूस ठेवावा लागतो.