आधी सीरमला विचारा

कोलारच्या महिलेची बातमी जून 2025 मध्ये मिलानच्या परिषदेतून आली आणि ‘जगातला एकमेव रक्तगट’ एवढ्या तीन शब्दांवर बहुतेकांनी तिची बोळवण केली. तो सापडला कसा, हे मात्र मागेच राहिलं.

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली ही महिला नेहमीच्या तपासणीत ओ पॉझिटिव्ह. पण तिचं सीरम ओ पॉझिटिव्हच्या एकाही पिशवीशी जुळेना. बेंगळुरूच्या रोटरी-टीटीके रक्तकेंद्रात पॅनेलच्या, म्हणजे तपासणीसाठीच्या ओळखीच्या पेशींच्या संचातल्या, सगळ्या पेशींशी त्याची प्रतिक्रिया आली. घरच्या 20 जणांचे नमुने तपासले, तेही जुळले नाहीत. शस्त्रक्रिया रक्त न चढवताच पार पडली. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेकडून उत्तर यायला दहा महिने लागले: रक्तगटांच्या क्रोमर प्रणालीतलं, बाकी सगळ्यांकडे असणारं एक अँटीजेन तिच्या पेशींवर नाही. त्याला ‘क्रिब’ हे नाव मिळालं. पेशींनी लपवलेली गोष्ट सीरममधल्या अँटीबॉडीने उघड केली होती.

मुंबईत हे 1952 मध्येच घडलं आहे. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे नमुने आले, की पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे गट ओ. पण सीरम ओच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. ए आणि बी ज्या ‘एच’ अँटीजेनवर उभे राहतात, तो पायाच या पेशींवर नव्हता. त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध छापून आला आणि ‘बॉम्बे’ गट जगाला कळला. भारतात तो साधारण 10,000 लोकांत एकाचा, युरोपात 10 लाखांत एकाचा.

अशा माणसाची तपासणी पेशींपुरतीच थांबली, तर कागदावर ‘ओ’ लिहिलं जातं. 2024 मध्ये इंदूरला एका महिलेला आधी ओ पॉझिटिव्ह रक्त चढवलं गेलं आणि तिची प्रकृती ढासळली. मग शिर्डीचा एक बॉम्बे गटाचा दाता सुमारे 400 किलोमीटर मोटारीने तिच्यासाठी गेला. त्याचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण ओच्या पेशींसह रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे रुग्णाचं सीरम ओळखीच्या पेशींशी ताडून पाहणं, काही मिनिटांचं काम आहे. ते नीट झालं तर बॉम्बे गट तिथेच पकडला जातो.

डॉ. भाटियांचं दुसरं काम मला याहून मोलाचं वाटतं, आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. 1973 मध्ये मुंबईत सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘आयएन-ए’ हे अँटीजेन नोंदवलं. युरोपीय लोकांत ते जवळपास नाही; मुंबईत शंभरातल्या तिघांकडे आढळलं. आज ती अख्खी प्रणाली जगभर ‘इंडियन’ नावाने ओळखली जाते. आता अडचण पाहा. अँटीबॉडी स्क्रीनिंगच्या तीन आणि ओळख पटवण्याच्या साधारण अकरा पेशी आपण बहुधा परदेशी कंपन्यांकडून विकत घेतो. त्या तिकडच्या दात्यांच्या असतात. ज्या अँटीजेनचा त्या पेशींवर मागमूसच नाही, त्याविरुद्धची अँटीबॉडी त्या पकडणार कशा? रुग्णाचं सीरम दात्याच्या पेशींशी जुळवून पाहणारा क्रॉसमॅच कूम्ब्स पद्धतीने केला तर ती बहुधा सापडते. घाईत नुसता सलाइन क्रॉसमॅच केला तर आयजीजी जातीची अँटीबॉडी सहज निसटते. आपल्या दात्यांच्या पेशींचं पॅनेल आपल्या रक्तकेंद्रांत नेहमीच्या वापरात असायला हवं. ज्या शहराने जगाला बॉम्बे गट आणि ‘आयएन-ए’ दाखवलं, त्या मुंबईने ही मागणी लावून धरावी.

अशा पॅनेलची सगळ्यात जास्त गरज थॅलेसेमियाच्या मुलांना आहे. त्यांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, आणि परक्या पेशी वारंवार आल्या की शरीर नव्या अँटीबॉडी तयार करतं. काही महिन्यांनी त्या इतक्या विरतात की चाचणीत दिसत नाहीत. मग तेच अँटीजेन असलेलं रक्त पुन्हा मिळालं, की काही दिवसांतच कावीळ होते आणि हिमोग्लोबिन घसरतं. अँटीबॉडी एकदा सापडली की तिचं नाव लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या हाती द्यावं. दुसऱ्या गावच्या रक्तकेंद्रात गेल्यावर नातेवाइकांनी रक्ताच्या मागणीपत्रासोबत ते आधी पुढे करावं.