समुद्राच्या आराखड्यात वारशाची जागा

समुद्राचे नियोजन म्हणजे कोणत्या पाण्यात कोणी काय करायचे याचा आधी आखलेला आराखडा. जहाजांचे मार्ग, बंदरे, गाळ उपसण्याच्या जागा, तळावरून जाणाऱ्या केबल आणि तेलवाहिन्या, पवनचक्क्या, मासेमारी, राखीव क्षेत्रे हे सगळे त्यात नकाशावर मांडले जाते. युरोपीय संघाने 2014 साली सदस्य देशांसाठी काढलेल्या निर्देशात या यादीत पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाचाही उल्लेख आहे. तरीही आराखडे होताना वारशाचा विचार बहुधा उशिरा होतो. जो वारसा डोळ्यांना दिसत नाही त्याची बाजू मांडायला कोणी नसते, हे त्याचे मोठे कारण.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हा वारसा किती तऱ्हांचा आहे ते पाहण्यासारखे आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किल्ले 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ते सर्वांना ठाऊक आहेत. पण विजयदुर्गाजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे. शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटत, असे तिच्याबद्दल सांगितले जाई. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या भिंतीची पाहणी केली, तेव्हा तिची लांबी सुमारे 122 मीटर, उंची 3 मीटर आणि रुंदी 7 मीटर भरली. याच भागात दगडी नांगरही सापडले आहेत. अशा नांगराचा दगड लांबट असतो, निमुळत्या टोकाकडे दोरासाठी एक गोल भोक आणि खाली लाकडी दात बसवायला दोन चौकोनी भोके, तीही एकमेकांशी काटकोनात. अरबस्तानाशी चाललेल्या व्यापाराची ही खूण आहे. पाण्यात पडलेला असा दगड मात्र अनोळखी माणसाला नुसता धोंडा वाटेल.

म्हणूनच कामाची सुरुवात कागदपत्रांतून होते. जुने सागरी नकाशे, पोर्तुगीज दप्तरे, गॅझेटिअर, बुडालेल्या जहाजांच्या नोंदी आणि मच्छीमारांच्या तोंडची माहिती एकत्र केली जाते. जाळे वारंवार कुठे अडकते हे मच्छीमाराला कोणत्याही यंत्राआधी माहीत असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी पाऊस सरल्यावरच होते.

पाहणीत होडीमागे दोरीने साइड स्कॅन सोनार ओढतात. तो दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीतून तळाचे चित्र पडद्यावर उमटते. कठीण वस्तू ठळक दिसते, तिच्यामागे सावली पडते आणि त्या सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. कोकणचा तळ खडकाळ असल्याने येथे चित्र वाचणे अवघड जाते. खडकांच्या गर्दीत अभ्यासकाची नजर सरळ रेषा आणि काटकोन शोधते, कारण निसर्गात ते क्वचित आढळतात. लोखंड गाळाखाली असले तरी मॅग्नेटोमीटरला त्याची चाहूल लागते. तोफा, बॉयलर, नांगर असे सापडतात. शंकास्पद प्रत्येक जागी मग पाणबुडे उतरतात. हा शेवटचा टप्पा वगळला, तर नकाशावर नुसते ठिपके राहतात आणि ठिपक्यांचे मोल कोणालाच सांगता येत नाही.

गोव्याच्या समुद्रात अशा शोधांतून काय हाती आले ते बोलके आहे. सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. आफ्रिका आणि चीन एकाच जहाजाच्या पोटात. सेंट जॉर्ज खडकाजवळ भाजलेल्या मातीचा बांधकामाचा माल सापडला, त्यावर बासल मिशन टाइल वर्क्सचा 1865 सालचा शिक्का होता. अमी शोल्सवर वाफेच्या जहाजाचे बॉयलर आहेत.

उष्ण समुद्रात उघडे पडलेले लाकूड किडे पोखरून टाकतात. टिकते ते गाळाखाली दडलेले. त्यामुळे वारशाला धोका फक्त थेट धडकेचा नसतो. दूरवर बांधलेला लाटरोधक बांध प्रवाह वळवतो, तळाचा गाळ सरकतो आणि शतकानुशतके झाकलेले लाकूड काही हंगामांत संपते. ट्रॉलरच्या जाळ्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या जड फळ्या तळ नांगरत जातात, बंदराची वाट खोल करण्यासाठी होणारा उपसाही तेच करतो. प्रकल्पाच्या हद्दीपुरतीच पाहणी केली, तर यातले बरेच नुकसान मोजलेच जात नाही. ही आजच्या पद्धतीतली मोठी उणीव म्हणायला हवी.

युनेस्कोचा 2001 चा करार किमान 100 वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना वारसा मानतो आणि ते जागच्या जागी जपण्याला पहिली पसंती देतो. वर काढलेले खारे लाकूड आणि लोखंड वाळताना तडकते, गंजते. ते टिकवायला प्रयोगशाळेत वर्षे जातात. भारतात राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात येतात. मात्र ज्या बुडालेल्या जहाजाची संरक्षित म्हणून घोषणाच झालेली नाही, त्याच्याभोवती असा पट्टा आपोआप आखला जात नाही. आराखड्यात त्याची नोंद होणे म्हणूनच निर्णायक ठरते.

वारशाची दुसरी बाजू माणसांची आहे. मुंबई-पालघरकडची डोल जाळी समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधली जातात आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात. खुंटाच्या जागा पिढीजात असतात. मालवणकडची रापण ही अख्ख्या गटाची मालमत्ता, किनाऱ्यावरून ओढायची. हे ज्ञान नकाशावर उतरवताना दोन अडचणी येतात. पहिली, जागा ऋतूनुसार आणि उधाण-भांगानुसार बदलतात. एकच रेघ मारली की ती निम्मे वर्ष खोटी ठरते. दुसरी, चांगली जागा उघड करायला कोणी सहजी तयार होत नाही, आणि त्यात गैर काही नाही. त्यामुळे नेमका बिंदू न दाखवता रुंद पट्टा दाखवणे आणि तो महिन्यांप्रमाणे रंगवणे हा समंजस मार्ग. बुडालेल्या जहाजांबाबतही हीच खबरदारी लागते. सार्वजनिक नकाशात अचूक अक्षांश-रेखांश दिले, तर लुटारूंना वाट सापडते.

उशिरा विचारले की काय होते, हे वरळीला दिसले. किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते. खवळलेल्या समुद्रातून होड्या एवढ्याशा फटीतून आणणे धोक्याचे आहे, असे सांगत कोळ्यांनी 200 मीटर अंतर मागितले. काम सुरू होऊन काही वर्षे झाल्यावर, 2023 साली, एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्याचा निर्णय झाला. होड्यांच्या येण्या-जाण्याची वाट पहिल्या नकाशावरच असती, तर हा वाद टळला असता.

सगळी पाहणी करूनही काही गोष्टी काम सुरू झाल्यावरच वर येतात. त्यासाठी आधीच ठरलेली कार्यपद्धती लागते: वस्तू सापडली की जागा आणि वेळ नोंदवायची, ती ओली ठेवायची, तज्ज्ञाला कळवायचे आणि तेवढ्या पट्ट्यात काम थांबवायचे. ब्रिटनमध्ये समुद्रातील वाळू-खडी काढणाऱ्या कंपन्यांसाठी अशी पद्धत 2005 पासून आहे. 2007-08 च्या हिवाळ्यात ग्रेट यारमथजवळच्या समुद्रातून काढलेली खडी नेदरलँड्समधल्या धक्क्यावर उतरली, आणि त्या खडीत अश्मयुगीन दगडी हातकुऱ्हाडी दिसल्या, 28 नग. कंपनीने खडीच्या नोंदींवरून उपशाचा पट्टा ओळखून तेथील काम थांबवले. पुढच्या पाहणीत ती हत्यारे दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची ठरली. त्या काळी तो तळ कोरडी जमीन होता. कोणती खडी कोणत्या पट्ट्यातून आली याची रोजची नोंद कंपनीकडे होती, म्हणूनच हा माग लागला.