माशाचा मणका आणि ऊसतोडीची कंबर

दिवाळीच्या सुमारास आष्टी तालुक्यातील, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांची वाट धरतात. फडातून उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढविणे हे त्यांचे नित्याचे काम. काही हंगामांनंतर पुष्कळांची कंबर धरते. पाठीच्या दर दोन मणक्यांमध्ये दाब झेलणारी एक मऊ चकती असते. ती वयाने व भाराने झिजते, आणि मनुष्याच्या शरीरात ही झीज भरून येत नाही.

ती भरून आणण्याचा मार्ग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत एका लहानशा माशात शोधण्यात आला. सोयाबीनच्या एमएसीएस वाणांमुळे ही संस्था शेतकरी बंधूंना परिचित आहेच. हा मासा म्हणजे झेब्राफिश. लांबी तीन-चार सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे. तो मूळचा आपल्याच उपखंडातील असून फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील मत्स्यांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले.

एवढ्याशा माशाचीच निवड का व्हावी? गाईचा किंवा शेळीचा गर्भ पोटात वाढतो. आत काय घडते ते दिसत नाही. झेब्राफिशचा गर्भ मात्र मादीच्या शरीराबाहेर, पाण्यातील अंड्यात वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. सुमारे चोवीस तासांत त्याचे हृदय धडधडू लागते. पुढे रक्ताचा प्रवाह, पाठीचा कणा, आतडे ही सारी सूक्ष्मदर्शकाखाली, चिरफाड न करता, जिवंतपणी पाहता येतात. त्याच्या हृदयाला कप्पे दोनच, हे खरे. तथापि मनुष्याच्या सुमारे ७० टक्के जनुकांना जुळणारी जनुके या माशात असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

या माशाच्या मणक्यांमध्येही चकत्या असतात व वयाबरोबर त्या झिजतात. पुण्याच्या २०२३ मधील अभ्यासात असे दिसून आले की, चकतीतील पेशींतून स्रवणारे सीसीएन२ए नावाचे प्रथिन वयस्क माशाच्या झिजलेल्या चकतीत नव्या पेशींची वाढ घडवून आणते. अर्थात माशाला मोळी वाहावी लागत नाही आणि त्याचा कणा पाण्यात आडवा असतो. मनुष्यासाठी औषध यातून अद्याप तयार झालेले नाही.

तोपर्यंत ग्रामसेवकांनी हंगामावरून परतलेल्या मजुरांची विचारपूस करावी. कंबरेतून पायात कळ उतरणे, पाय बधिर होणे अशी लक्षणे आढळल्यास चोळण्या-शेकण्यात दिवस न घालविता रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठवावे. लघवीवरील ताबा सुटल्यास त्याच दिवशी.