झडप बदलल्यानंतरची वर्षं

भुसावळहून वरणगावकडे निघालं की दीपनगरच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. 1968 साली इथे पहिला संच सुरू झाला. वसाहतीतल्या दोन-तीन पिढ्या या वीजकेंद्रावरच वाढल्या, त्यामुळे हृदयाची झडप काय करते हे इथे समजावणं सोपं जातं. बॉयलरला पाणी देणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पाणी पुढे जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. हृदयाचा डावा कप्पा आणि महाधमनी यांच्यामधली झडप रक्तासाठी तेच करते, दिवसातून सुमारे एक लाख वेळा, आणि दुरुस्तीसाठी तिला कधी शटडाउन मिळत नाही.

निरोगी झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. वयोमानाने कॅल्शियम साचून, जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असल्याने किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ती आखडत जाते. हे तोंड एक चौरस सेंटिमीटरच्या आत आलं की आजार गंभीर झाला. मग जिना चढताना धाप लागते, छातीत दुखतं, भोवळ येते. जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्ये मांडलेला हिशेब आजही डॉक्टरांच्या तोंडी असतो: शस्त्रक्रिया केली नाही तर भोवळ येऊ लागल्यापासून सरासरी तीन वर्षं, हृदय थकून धाप लागू लागल्यापासून जेमतेम दोन.

खानदेशात यातली भोवळ फसवते. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, माणूस शेतात किंवा बसस्टँडवर कोसळतो आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं. ऊन खरोखर लागलेलंही असतं. अंगातलं पाणी कमी झालेलं, रक्तवाहिन्या पसरलेल्या. अशा वेळी अरुंद झडपेतून रक्ताचा पुरवठा वाढत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून पन्हं पाजून, पंख्याखाली झोपवून थांबू नये. छातीच्या उजव्या बाजूला, वरच्या बरगड्यांच्या फटीत स्टेथोस्कोप टेकवला तर मानेपर्यंत चढणारी खरखर बहुतेक वेळा ऐकू येते. त्याला एक मिनिट पुरतं. पुढचं टू-डी इको सांगते.

झडप बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, रक्त हार्ट-लंग मशीनकडे वळवतात आणि पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय थांबवतात. महाधमनी उघडल्यावर दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, चुनखडीचे खडे. ते कणाकणाने काढावे लागतात, कारण एक कण जरी सुटून मेंदूकडे गेला तरी पक्षाघात. मग माप घेऊन 19, 21 किंवा 23 मिलिमीटरची झडप निवडतात, कड्याभोवती टाके ओवतात आणि त्या दोऱ्यांवरून ती खाली सरकवून बसवतात.

आज जगभर वापरली जाणारी धातूची झडप दोन अर्धगोल पाकळ्यांची असते. तशी एक रचना 1960 च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांच्यासोबत भगवंत कलके या भारतीय शल्यचिकित्सकाने केली होती. 1968 मध्ये ती एकाच रुग्णाला बसवली गेली. याच घाटाची सेंट ज्यूड झडप 1977 मध्ये आली आणि रुळली. कलके यांचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असायला हवं होतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन आणि भुवनेश्वर यांच्या गटाने एकामागून एक नमुने अपयशी ठरूनही काम सोडलं नाही. डिसेंबर 1990 मध्ये चित्रा झडप पहिल्यांदा रुग्णाला बसली. आयात झडपेहून ती स्वस्त, त्यामुळे आपल्याकडच्या असंख्य गरीब रुग्णांना परवडली.

पैशांचं कोडं खानदेशात थोडं लवकर सुटू लागलं. सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. आज ती महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे.

पण मला जास्त काळजी वाटते ती घरी परतल्यानंतरच्या वर्षांची. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम आयुष्यभर घ्यायची आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर हा आकडा साधारण 2 ते 3 मध्ये ठेवायचा. कमी झाला तर झडप अडकते, वाढला तर रक्तस्राव. तपासणीसाठी रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात सायट्रेट असतं, त्याच्या नऊ पट रक्त हवं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा खोटा वाढतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो. नळी भरली का, हे रुग्णाने स्वतः बघावं.

दुसरी गोष्ट ताटातली. हिवाळा लागला की आपल्याकडे भरीत पार्ट्या सुरू होतात. वांग्याने काही बिघडत नाही, पण भरितातली कांद्याची पात जीवनसत्त्व ‘के’ने भरलेली असते आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. मेथी, पालकाचंही तेच. भरीत सोडायची गरज नाही. वर्षभर हिरवा पाला टाळून डिसेंबरात वाटीच्या वाट्या खाणं घातक. रोज थोडा, सारखाच खावा, डोस त्यावर बसतो.

जुलाबासाठी सहज दिली जाणारी मेट्रोनिडाझोल आयएनआर झपाट्याने वाढवते. अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो. तापात कमरेवर घेतलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साकळतं. दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यावं लागतं, नाहीतर जंतू झडपेवर घर करतात. गावातल्या डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: “डॉक्टर, माझी झडप बदललेली आहे.”

तरुण मुलीच्या बाबतीत हे सगळं ऑपरेशनआधीच बोलायला हवं. वॉरफेरिन पहिल्या तिमाहीत गर्भाला इजा करू शकतं. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि दुसरं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलंच. यातलं काय पत्करायचं हे तिने ठरवायचं. सल्लामसलतीला वडील आणि काका आत जातात, मुलगी बाहेर बाकावर बसते, असं होऊ नये. डॉक्टरांनी तिला आत बोलावून तिच्याशीच बोलावं.