जुन्या जहाजी रोजनाम्यांतील दिक्पाताचा रकाना

जुनीं दप्तरें चाळतांना आंकड्यांनीं भरलेलीं पानें आपण बहुधा उलटून टाकतों. जहाजी रोजनाम्यांविषयीं तर संग्राहकांचा परिपाठच असा कीं, वादळ, लढाई, बंदरांतील भाव एवढें नकलून घ्यावें आणि दिक्पाताचा रकाना सोडून द्यावा. होकायंत्राची सूची खऱ्या उत्तरेपासून जितकी ढळते त्या कोनास दिक्पात म्हणतात. आमच्या मतें हाच रकाना सर्वांत मोलाचा. भूपृष्ठाखालीं सुमारें २,९०० किलोमीटरांवर काय घडत होतें त्याचा तो पुरावा आहे.

लंडन येथें १५८० सालीं दिक्पात पूर्वेस सुमारें ११ अंश होता. १६३४ त गेलिब्रँड यानें मोजला तेव्हां चारच अंश उरला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो पश्चिमेस २४ अंशांवर गेला. पृथ्वीच्या गाभ्यांतील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांचा हा परिणाम होय. गाभ्यावरील खडकाचें प्रावरण थोडेंसें विद्युद्वाहक असल्यानें जलद फेरफार त्यांत पुसट होतात, सावकाश फेरफार तेवढे वर येतात. १९६९ च्या सुमारास यूरोपांतील वेधशाळांत दिक्पाताच्या गतीनें एक-दोन वर्षांतच वळण घेतलें. प्रावरण फार वाहक असतें तर तें इतकें तीव्र दिसलेंच नसतें. वाहकतेची मर्यादा अशा रीतीनें ठरते.

वेधशाळांची नोंद मात्र अलीकडची आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत ती १८४० च्या दशकांत सुरू झाली व विजेच्या ट्रामगाड्यांच्या उपद्रवाच्या भीतीनें १९०४ त अलिबागेस नेण्यांत आली. तत्पूर्वींच्या काळास मुख्य आधार रोजनाम्यांचाच. जॅक्सन, जाँकर्स व वॉकर यांनीं २००० सालीं १५९० पासूनच्या चार शतकांचें चुंबकीय चित्र प्रसिद्ध केलें. त्यासाठीं दिक्पाताच्या ८३,००० हून अधिक नोंदी जमविल्या होत्या. सूची लंडनांत इतकी ढळली तरी कॅनडा व सायबेरिया यांच्याखालीं गाभ्याच्या सीमेवरील चुंबकत्वाचे दाट पुंजके या काळांत फारसे हललेले नाहींत. प्रावरणाच्या तळाची उष्णता सर्वत्र सारखी नाहीं, तिचा प्रवाहांवर ताबा असावा असा तर्क आहे.

एक अडचण सांगितली पाहिजे. सतराव्या शतकांतील नाविकास रेखांश अंदाजानेंच ठरवावे लागत, आणि दिवसागणिक चूक वाढत जाई. ओळखीचा किनारा दिसला कीं ती उघड होते व मागील सर्व मुक्काम सुधारतां येतात. किनाऱ्याचें तें पान चित्रासाठीं फाडून विकलेलें असलें, तर उरलेल्या वहींतील वेध कोठले हें निश्चित करणें कठीण होतें.