गुरुवारचा रविवार

पहाटे ५.३०

चर्चचं दार उघडलं की आधी दिवे लावायचे, मग वेदीवरचं कापड बदलायचं. घंटेची दोरी दाराशीच लोंबते, पण गुरुवारी सकाळी मी तिला हात लावत नाही. आजूबाजूच्या खोल्यांतून नाईट करून आलेली माणसं नुकती आडवी झालेली असतात. राहुरी तालुक्यात माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. तिथे सकाळची प्रार्थना, शाळा, संध्याकाळची जपमाळ, एखाद्या घरातलं मरण, सगळं गावाला घंटेवरून कळायचं. इथे मी व्हॉट्सॲपवर वेळ टाकतो आणि खाली लिहितो, ‘सेकंड शिफ्टवाल्यांनी सकाळीच यावं.’

१९७२च्या दुष्काळात आमचं घर गावातून हललं. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखाने वाढत होते, आणि हाताला काम हवं होतं. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, नेवासा भागातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं याच वाटेनं इकडे आली. मी आयुष्यभर फिटर म्हणून राबलो. निवृत्त झाल्यावर फादरांनी धर्मशिक्षकाचं काम सोपवलं, आणि लोक मलाही मास्तर म्हणू लागले.

सकाळी ६.३०

सकाळची मिस्सा. बाहेरगावच्या पाहुण्याला नवल वाटतं की आमच्याकडे आठवड्याच्या मधल्या वारी चर्च एवढं कसं भरतं. कारण साधं आहे. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार पडले, त्यात इकडच्या बऱ्याच कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांचा रविवार मशिनवर जातो. फादर म्हणतात, रविवार तो रविवारच, जमेल त्यानं त्या दिवशी आलंच पाहिजे. खरं आहे. पण ज्याला जमत नाही त्याला गुरुवारी दार उघडं मिळालं पाहिजे, हेही तितकंच खरं, आणि ते फादरांनाही मान्य आहे.

मागच्या बाकांवर कंपनीच्या गणवेशातली तीन-चार मुलं बसलेली आहेत. डोळे तांबारलेले, बुटांना ऑईल. गाण्याला मात्र आवाज त्यांचाच मोठा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी (१९६२ ते १९६५) मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. वडिलांना ती सगळी पाठ होती, आणि मराठी मिस्सा आली तेव्हा त्यांना झालेला आनंद मला आठवतो. भजनं त्याआधीपासून मराठीच होती. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, पदं, कीर्तन यांची वाट मोकळी करून दिली. टिळक प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. ढोलकीवर थाप पडली की तो फरक कोणी काढत बसत नाही.

सकाळी ९.००

कार्यालय. आज चाकणला कंत्राटावर असलेला एक मुलगा आला आहे. लग्न ठरलंय, मुलगी काळेवाडीची, मिस्सा इथेच. त्याला वाटलं आधार कार्ड आणलं की झालं. मी त्याला खुर्चीत बसवून समजावतो.

ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तिथल्या नोंदवहीत माणसाचं नाव कायमचं राहतं. लग्न कुठेही लागो, ते लावणाऱ्या चर्चनं त्या मूळ चर्चला कळवायचं, आणि तिथल्या वहीत, त्याच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात, लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहिलं जायचं, असा चर्चचा कायदाच आहे. म्हणून लग्नासाठी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो, सहा महिन्यांहून जुना चालत नाही. घरी फ्रेम करून ठेवलेला लहानपणचा दाखला कामाचा नाही, कारण त्यानंतर त्या समासात काय लिहिलं गेलं ते त्यावरून कळत नाही.

गावच्या धर्मग्रामात फोन लावतो. तिथले मास्तर वही उघडतात, पानं उलटल्याचा आवाज फोनवर येतो. आजोबांच्या नावावरून शोधा, असं मी सुचवतो, कारण आडनावाचं स्पेलिंग तीन पिढ्यांत तीनदा बदललेलं असतं. सापडतं. बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेच्या नावापाशी ते थांबतात आणि विचारतात, ‘ही म्हातारी अजून आहे, लग्नाला बोलावलंय का तिला?’ मुलगा गप्प. त्याला धर्ममाता कोण हेच ठाऊक नव्हतं. तो तिथूनच आईला फोन करतो.

मला या वहीचं फार मोल वाटतं. इथे दर अकरा महिन्यांनी भाडेकरार बदलतो, कंपनी बदलते, ठेकेदार बदलतो. तरी या मुलाचं नाव एका खेड्यातल्या कपाटात आहे, आणि त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट तिथे कोणीतरी हातानं लिहिणार आहे.

दुसरा प्रश्न अवघड असतो. आज एक आई शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना कोरा ठेवून आली आहे, ‘ख्रिस्ती’ लिहिलं तर सवलत जाईल म्हणून. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आमची गणना इतर मागासवर्गात होते. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत बहुतेक महार-मांग समाजातून आलेली माणसं. गावकुसाबाहेरचं राहणं बाप्तिस्म्यानं संपलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि म्हणून हा अन्याय मला अन्यायच वाटतो. त्या बाईला मी खोटं लिहायला सांगत नाही. फॉर्म घेऊन आमच्यातल्या एका वकिलाकडे पाठवतो.

सकाळी ११.००

आजाऱ्यांच्या भेटी. खिशात छोटी गोल डबी, तिच्यात ख्रिस्तप्रसाद. फादरांच्या परवानगीनं मी तो अंथरुणाला खिळलेल्यांकडे नेतो. डबी खिशात असताना वाटेत कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत, हे वडिलांनी शिकवलेलं अजून पाळतो.

मोशीच्या एका खोलीत आजी झोपून असतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी मारियामातेचा, मधे ‘निरोप्या’चं कॅलेंडर. ‘निरोप्या’ मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातल्या केंदळला सुरू केलं. ते पुढे पुण्याचे बिशप झाले. आजींच्या सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, तरी घरात अंक यायचा आणि मास्तर वाचून दाखवायचे. आज प्रार्थना झाल्यावर आजी विचारतात, ‘हरेगावच्या यात्रेला गाडी किती जणांची केली?’ मी सांगतो. ‘मला न्या म्हणत नाही. माझी मेणबत्ती न्या.’ उशीखाली पैसे तयारच होते.

दुपारी १.३०

जेवण, थोडी झोप.

दुपारी ४.००

फर्स्ट शिफ्ट सुटून बस आल्या की मुलांचा धर्मशिक्षणाचा तास. लगोलग भजनी मंडळ. पेटीवाला कंपनीच्या क्वालिटी खात्यात आहे, ढोलकीवाला फोर्कलिफ्ट चालवतो, झांज शाळकरी मुलीकडे. आज ढोलकीवाल्याला ओव्हरटाइम लागला, म्हणून त्याच्या बायकोनं ढोलकी घेतली. तिचा हात जास्त चांगला आहे, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं.

संध्याकाळी ६.४५

आजचा मुख्य कार्यक्रम. आठ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मोत्सव, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. गावी नोव्हेना चर्चमध्ये व्हायची, सगळं गाव चालत यायचं. इथे भोसरीपासून चाकणपर्यंत माणसं विखुरलेली. म्हणून मूर्तीच घरोघर जाते. काल जिच्या घरी होती ती बाई मूर्ती पदराखाली घेऊन निघते, मागे आम्ही भजन म्हणत, आणि आजच्या घरची बाई उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

घर म्हणजे एक खोली आणि मोरी. पलंग उभा करून भिंतीला लावलेला. टेबलावर पांढरी चादर, झेंडू, दोन मेणबत्त्या. मूर्तीच्या पायाशी स्टीलच्या वाटीत मूग. गावाहून सासूनं पाठवलेले, पहिल्या तोडणीचे, शेंगेची भुकटी अजून त्यांना लागलेली. पिकाचं पहिलं मूठभर देवापुढे ठेवायचं, ही गावची रीत. इथे शेत नाही, तर ती बाई एसटीनं मूग मागवते.

यंदा गणपती आणि नोव्हेना एकाच आठवड्यात आले आहेत. खाली मंडळाचा मांडव आहे. कार्यकर्त्यांशी बोलून ठरवलं, त्यांची आरती साडेसातला, आमची प्रार्थना आठला, तोवर स्पीकर बंद. आरती झाल्यावर त्यांच्यातल्या दोघी वर आल्या आणि दाराशी हात जोडून बसल्या. एकीनं हळूच विचारलं, हरेगावला नवस बोलायचा असेल तर काय न्यायचं? मेणबत्ती न्या, फुलं न्या, काही नसलं तरी चालतं, मी म्हणालो. तिथल्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिची आई श्रीरामपूरची.

प्रार्थनेनंतर चहा आणि पोहे. याहून जास्त कोणी काही करायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि त्यावर मी अडून बसतो. एकानं जेवण घातलं की दुसऱ्याला कर्ज काढून घालावं लागतं, आणि तिसरा मूर्ती घरी घ्यायचंच टाळतो. पूर्वी एका वर्षी असं झालं होतं. ज्याच्या घरी माऊली यायलाच हवी होती त्याच्याच घरी गेली नाही.

रात्री १०.३०

यात्रेच्या गाडीची यादी. हरेगावची यात्रा स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत सुरू झाली, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवारी भरते. आम्ही चाकणहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, लोणी, श्रीरामपूर असे जातो. वाटेत प्रत्येक गावी कोणाचं तरी कोणी चढतं, म्हणून दोन-चार जागा मोकळ्या ठेवाव्याच लागतात.

अडचण सुट्टीची. शनिवार-रविवार म्हणजे आमच्या बहुतेकांचे कामाचे वार. त्यामुळे यादीला दोन रकाने आहेत, जाणारा आणि त्याच्या जागी पाळी करणारा. दुसऱ्या रकान्यात यंदा गणपती मंडळातल्या तिघांची नावं आहेत. गणपती विसर्जनाच्या दिवशी आमच्या मुलांनी त्यांच्या पाळ्या करायच्या, असं त्यांनी आपापसांत ठरवलंय, मला आज कळलं.

बारा वाजून गेल्यावर सेकंड शिफ्टचे दोघे चर्चच्या फाटकाशी गाडी थांबवतात. सकाळच्या त्या लग्नाच्या मुलाला जागा हवी आहे, आणि आणखी एक, परतीची. धर्ममातेला हरेगावात गाठून लग्नाला इकडे घेऊन यायचंय. मी ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तिच्यासाठी लिहून ठेवतो, म्हातारीला पाय मोकळे सोडता येतील.